येऊरचा रानकोंबडा आणि गावठीचे पिवळे पाय

प्रश्न : रविवारी सकाळी आम्ही येऊरला चालायला जातो. पाटोणापाड्याच्या पुढे झाडीतून कोंबडा आरवल्यासारखा आवाज येतो, पण आपल्या कोंबड्यासारखी लांब बांग नाही, मधेच तुटते. पाड्यातल्या एक मावशी म्हणाल्या रानकोंबडा आहे. मग आपली गावठी याच्यापासूनच आली का?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : मावशींचं एकदम बरोबर आहे. तो करडा रानकोंबडा, सह्याद्री आणि दक्षिणेतला, भारताबाहेर कुठेच नाही. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, त्यामुळे तो ठाणेकरांच्या इतक्या जवळ राहतो आणि मला याचं फार अप्रूप वाटतं. त्याचा आवाज कूक-काया-काया-कूक असा तुकड्यातुकड्यात येतो, शेवटचा लांब सूर नसतोच. कधी दिसला तर मानेकडे बघा, काळ्या-करड्या पिसांच्या टोकाला पिवळसर ठिपके असतात, ते रंगवल्यासारखे नाही तर मेणाचा थेंब सुकल्यासारखे चकचकीत दिसतात कारण पिसाची दांडीच तिथे चपटी होते. या पिसांपायी बिचाऱ्याची खूप शिकार झाली, परदेशात मासे पकडायच्या गळाला लावायला ती जायची.

आता मूळ प्रश्न. गावठीचा मुख्य पूर्वज हा नाही, तो लाल रानकोंबडा, जो हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्व भारत आणि पुढे थायलंड-इंडोनेशियापर्यंत राहतो, येऊरला नाही. डार्विनने 1868 सालीच हे लिहून ठेवलं होतं. 2020 मध्ये पाळीव आणि रानटी मिळून 863 पक्ष्यांचे जीनोम, म्हणजे पूर्ण जनुकीय आराखडे, तपासले तेव्हा कळलं की लाल रानकोंबड्याची जी उपजात नैऋत्य चीन, उत्तर थायलंड, म्यानमार या पट्ट्यात आहे तिच्याशी पाळीव कोंबडीचं नातं सगळ्यात जवळचं. आणि 2022 मध्ये हाडांचा अभ्यास झाला त्यात पाळीव कोंबडीची सगळ्यात जुनी खात्रीची हाडं निघाली मध्य थायलंडच्या बान नॉन वाट इथली, साधारण इसवी सनापूर्वी 1650 ते 1250 मधली. कारण काय तर भात! लोक भातशेती करायला लागले, खळ्यावर दाणे सांडायला लागले, रानातली पाखरं टिपायला आली आणि हळूहळू तिथलीच झाली. ज्यांनी गावाला खळं बघितलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको.

पण येऊरवाला यातून पूर्ण सुटत नाही, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. लाल रानकोंबड्याचे पाय शिशासारखे करडे असतात. मग आपल्या इतक्या कोंबड्यांचे पाय पिवळे कसे? 2008 मध्ये संशोधकांनी दाखवलं की पिवळ्या कातडीचा जीन बहुतेक करड्या रानकोंबड्याकडून आलाय. मक्यात, हिरव्या पाल्यात जो पिवळा रंग असतो तो एरवी कातडीत मोडला जातो, या जीनमुळे तिथे मोडत नाही, साठत जातो. म्हणजे कधीतरी दक्षिण आशियात पाळीव कोंबडीचा याच्याशी संकर झाला आणि त्याची खूण जगभर पसरली, आज बाजारातल्या बॉयलर कोंबडीच्या पायातसुद्धा ती आहे. पुढच्या वेळी चिकनच्या दुकानात पाय वेगळे काढून ठेवलेले दिसले की नीट बघा.

प्रश्न : रानकोंबडीची अंडी मिळाली तर आमच्या खुडूक गावठीखाली उबवता येतील का? पिल्लं माणसाळतील?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : नको, प्लीज. 1972 च्या वन्यजीव कायद्यात अंडी उचलणं हीसुद्धा शिकारच धरतात. आणि माणसाळणं हे एका पिल्लाचं काम नाही, त्याला शेकडो पिढ्या गेल्यात. रानकोंबडी लेयरसारखी, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीसारखी, सतत अंडी देत नाही, झुडपाखाली जमिनीवरच उथळ खड्ड्यात चार ते सात अंडी घालते, ती गेली तर तिची सगळी मेहनत गेली. फेब्रुवारी ते मे तिचे मुख्य दिवस, तेव्हा पायवाट सोडून झाडीत शिरू नका आणि बरोबर कुत्रा तर अजिबात नेऊ नका. पावसाळ्यात मानेला ती ठिपक्यांची पिसं नसलेला नर दिसला तर तो आजारी नाही, तेव्हा ती गळतात आणि पाऊस सरला की नवी येतात.