ऑक्सिजन पुरेसा असूनही धाप का लागते?

प्रश्न : माझ्या वडिलांचे हृदय अशक्त झाले असून फुप्फुसांत पाणी साचते, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. एक जिना चढला तरी त्यांना धाप लागते. मात्र त्याच वेळी बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ९५-९६ दिसतो. वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला असलेली माझी मुलगी म्हणते की, यामागे ‘जे रिसेप्टर’ असू शकतात आणि त्यांचा शोध एका भारतीयाने लावला. हे काय आहे? फुप्फुसांतली गोष्ट मज्जातंतूंच्या अभ्यासकाला कशी सापडली?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. तो शोध डॉ. अवतार सिंग पेंटल यांचा. त्यांचा जन्म १९२५ साली ब्रह्मदेशातील मोगोक येथे झाला आणि वैद्यकीचे शिक्षण लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजात झाले. त्यांचे सुरुवातीचे संशोधन फुप्फुसांवर नव्हतेच. निरोगी माणसे आणि मनोरुग्ण यांच्या त्वचेच्या विद्युत प्रतिसादांची तुलना त्यांनी केली होती. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला गेले आणि तेथे शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेव्हिड व्हिटरिज यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच. डी. करताना मज्जातंतूंच्या कामात रमले.

फुप्फुसे, हृदय आणि जठर यांच्याकडून मेंदूकडे जाणारे बहुतेक संदेश व्हेगस नावाच्या मज्जातंतूंच्या जुडीतून जातात. या जुडीत हजारो तंतू एकत्र असतात आणि सगळे एकाच वेळी बोलत असतात. पेंटल मांजराच्या व्हेगसचे सूक्ष्मदर्शकाखाली इतके बारीक धागे वेगळे करीत, की शेवटी एकाच तंतूतून जाणारे विद्युत स्पंद यंत्रावर टिपता येत. हे काम किती चिकाटीचे असेल, याची कल्पना केली तरी मन आदराने भरून येते. याच पद्धतीने त्यांनी हृदयाच्या कर्णिकांतील (वरच्या कप्प्यांतील) आणि जठरातील ताण ओळखणारे ग्राहकही (रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारी मज्जातंतूंची टोके) शोधून काढले.

फुप्फुसांतल्या ज्या तंतूंबद्दल आपण विचारता, त्यांच्याविषयीचा त्यांचा लेख १९५५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा फुप्फुस आकसले की हे ग्राहक जागे होतात, असे त्यांना वाटले होते आणि नावही त्यांनी त्याच अर्थाचे दिले होते. पुढील काही वर्षांच्या प्रयोगांनी वेगळेच चित्र दाखवले. विशिष्ट रसायन हृदयाच्या उजव्या बाजूला टोचले, तर रक्त फुप्फुसांत पोहोचताच अवघ्या दोन-तीन सेकंदांत हे तंतू बोलू लागत. श्वासावाटे दिलेल्या भुलीच्या वाफेनेही ते चटकन जागे होत. म्हणजे त्यांची टोके रक्तालाही जवळ आणि हवेलाही जवळ, अर्थात केशवाहिन्यांच्या (केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या) अगदी लगत असली पाहिजेत. केशवाहिन्यांत रक्त तुंबून आजूबाजूच्या ऊतीत पाणी झिरपू लागले की ही टोके उद्दीपित होतात. १९६९ साली पेंटल यांनी स्वतःचे जुने नाव बाजूला ठेवून ‘जे’ हे नाव मांडले. ‘जक्स्टा’ म्हणजे शेजारी, त्याचे ते आद्याक्षर. आपलेच अनुमान पुराव्यापुढे मोडीत काढण्याची ही तयारी मला मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते. १९८६ साली वैज्ञानिक सचोटीसाठी सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज ही संस्था स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला, त्यामागे हीच वृत्ती होती.

आता वडिलांच्या धापेकडे येऊ. हृदय अशक्त असताना जिना चढला की फुप्फुसांतील रक्तदाब वाढतो, थोडे पाणी झिरपते आणि ‘जे’ ग्राहक मेंदूला खबर देतात. त्यामुळे श्वास उथळ आणि जलद होतो. या सर्व घडामोडीला रक्तातील ऑक्सिजन कमी होण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून यंत्रावरचा आकडा चांगला असतानाही धाप लागू शकते. पायांचे बळही याच प्रतिक्षेपामुळे (आपोआप होणाऱ्या प्रतिक्रियेमुळे) कमी होत असावे आणि शरीर आपणहून श्रम थांबवत असावे, असे पेंटल यांचे मत होते. प्राण्यांत याला आधार मिळाला. माणसात त्याचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालकपद पेंटल यांनी १९६४ पासून दीर्घकाळ सांभाळले. तेथील चमूने माणसांना हे ग्राहक जागे करणारे लोबेलीन हे रसायन शिरेतून देऊन पाहिले, तेव्हा घशात आणि छातीत कोंडल्यासारखी जाणीव व कोरडा खोकला होत असल्याचे आढळले. फुप्फुसांची ही हाक माणसाला जाणवते, एवढे तरी त्यातून दिसते.

धापेला रक्तक्षय, दमा, स्नायूंचा अशक्तपणा अशी इतरही कारणे असतात. त्यामुळे निदान डॉक्टरांनीच करावे. मात्र लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्यांनी वडिलांना हलके वाटत असेल, तर त्या गोळ्या मनाने बंद करू नका. दोन-तीन दिवसांत वजन एकदम वाढले, किंवा आडवे झाल्यावर श्वास कोंडू लागला, तर ऑक्सिमीटरचा आकडा चांगला आहे म्हणून थांबू नका. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे न्या.