लेकीला चेलोवादक व्हायचंय, पण पक्की नोकरी मिळेल का?

ताई, तुमच्या पत्रातला खरा प्रश्न अगदी शेवटी आला आहे: "यात पक्की नोकरी असते का हो?" मुलगी सतरा वर्षांची, चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं, बसून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) वाजवते, शिक्षक म्हणतात संगीत महाविद्यालयात पाठवा, आणि बाबांनी कॉम्प्युटर सायन्सचे फॉर्म भरायला घेतलेत. तर सरळ सांगते. पक्की नोकरी असते, पण फार थोड्यांच्या नशिबी. बाकीच्यांचं पोट चार ठिकाणच्या कामांवर चालतं, आणि ती कामं घरच्यांना दिसत नाहीत म्हणून धास्ती जास्त वाटते.

मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात चेलोच्या दहा-बारा खुर्च्या असतात. कुणी निवृत्त झालं किंवा सोडून गेलं, तरच एक रिकामी होते, आणि तिच्यासाठी देशोदेशीचे वादक येतात. बऱ्याच ठिकाणी पहिली फेरी पडद्याआड होते. वाजवायचं काय, तर हायडनच्या डी मेजर कॉन्चेर्टोची (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) सुरुवात, मग बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागातला तुकडा, ब्राम्सच्या दुसऱ्या सिंफनीतला, देबुसीच्या 'ला मेर'मधला. वर्षानुवर्षं घोटलेलं सगळं काही मिनिटांत ऐकून होतं आणि आतून "धन्यवाद" येतं. निवड झाली तरी जर्मनीत साधारण वर्षभर उमेदवारी असते. त्यानंतर शेजारी बसून वाजवणारे सहकारीच मत देऊन ठरवतात, ठेवायचं की नाही.

आणि खुर्ची मिळाली म्हणजे पगार सुरू, असंही सगळीकडे नाही. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा 1904 पासून वादकांच्याच मालकीचा आहे. तिथले सदस्य कागदोपत्री स्वयंरोजगार करणारे. जेवढं वाजवतील तेवढे पैसे. त्याच देशात बीबीसीच्या ऑर्केस्ट्रांत मात्र महिन्याचा पगार मिळतो. तेव्हा 'पक्की' हा शब्द जरा सैल धरा.

दुसरं काम सेशनचं, म्हणजे चित्रपट, जाहिराती, गेम, गायकांचे अल्बम यांसाठी स्टुडिओत वाजवणं. या दोन दुनिया वेगळ्याही नाहीत: 1977 च्या 'स्टार वॉर्स'चं संगीत याच लंडन सिंफनीनं वाजवलं. पण स्टुडिओत लागणारं कसब निराळं. ब्रिटनमध्ये ज्याला फिक्सर म्हणतात आणि अमेरिकेत काँट्रॅक्टर, तो फोन करतो. ठरलेल्या तीन तासांच्या सेशनला जायचं. स्टँडवरचं नोटेशन आयुष्यात पहिल्यांदा दिसत असतं, कानात हेडफोनवर लय दाखवणारा क्लिक वाजत असतो, आणि पहिल्या-दुसऱ्या टेकलाच रेकॉर्ड करण्याजोगं वाजवायचं असतं. खुर्ची करकरली किंवा पान उलटल्याचा आवाज झाला की सगळ्यांना पुन्हा वाजवावं लागतं. तसं दोनदा झालं, तर फिक्सर रागावत वगैरे नाही, पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन करतो. लॉस एंजेलिसमध्ये युनियनच्या कराराखाली केलेल्या चित्रपटाचे पुढेही थोडेथोडे पैसे येत राहतात. पुष्कळ ठिकाणी मात्र एकदा हातात पडले की संपलं. हल्ली काही चेलोवादक घरच्याच मायक्रोफोनवर एकावर एक ओळी रेकॉर्ड करून पाठवतात. सॅम्पल लायब्ररीनं (संगणकात साठवलेल्या वाद्यांच्या आवाजांनी) खाल्लेलं काम काही प्रमाणात असं परत मिळवतात.

उरलेली दोन ठिकाणं म्हणजे शिकवणं आणि नाटकांच्या पिटमध्ये (रंगमंचासमोरच्या वादकांच्या खोलगट जागेत) वाजवणं. दोन्हींत मानमरातब कमी, नियमितपणा जास्त.

म्हणून मुलीला स्पर्धेत किती बक्षिसं मिळाली हे मला सांगू नका. न पाहिलेला कागद समोर ठेवला तर ती अडखळते का? तालमीला वेळेआधी पोचते का? ऑर्केस्ट्रात मागच्या डेस्कवर (मागच्या रांगेत) बसवलं तर तोंड पाडते का? या व्यवसायात फोन येतात ते या गोष्टींवर. साइट-रीडिंग कच्चं असेल तर आत्तापासून रोज नवा कागद वाजवायला लावा, आवडीच्या कॉन्चेर्टोचा वेळ कापून.

तुम्ही कोणत्या देशात आहात हे लिहिलेलं नाही, पण परदेशातल्या आपल्या घरांची खरी अडचण इथेच येते: व्हिसा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, म्हणजे शिकता शिकता सेशन घेणं बंद. अमेरिकेत ती तुमच्या एच-4 वर (एच-1बी नोकरदाराच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर एकविसाव्या वर्षी तो दर्जा संपतो, आणि फोनवर मिळणाऱ्या सुट्या कामांना एच-1बी सहसा बसत नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व कधी होईल हे धरूनच देश आणि महाविद्यालय निवडा. वाद्याच्या किमतीपेक्षा हा हिशोब मोठा आहे. तरी वाद्याबद्दलही एक: विमानात चेलोसाठी सहसा वेगळं तिकीट काढावं लागतं, आणि जुन्या गजाच्या टोकाला हस्तिदंत असेल तर सीमेवर कागद मागतात. विकत घेतानाच विचारून घ्या.

कानांकडेही लक्ष असू द्या. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये ब्रास (तुतारीसारख्या पितळी) वाद्यांच्या पुढ्यात बसणाऱ्या एका व्हायोलावादकाची श्रवणशक्ती तालमीत बिघडली, आणि 2018 मध्ये उच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. इअरप्लग वापरणं म्हणजे नखरे नव्हेत. अंगठा किंवा खांदा दुखत असताना रेटून रियाज करू देऊ नका.

बाबांचा फॉर्म फाडायची गरज नाही. अमेरिकेत ओबर्लिन कॉलेजला पाच वर्षांत दोन पदव्या एकत्र घेता येतात. हार्वर्डचा न्यू इंग्लंड कॉन्झर्वेटरीबरोबर तसा कार्यक्रम आहे. ब्रिटनला जायचं असेल तर संगीत महाविद्यालयांच्या अर्जांची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपते, इतर बहुतेक अभ्यासक्रमांच्या जानेवारीच्या तारखेच्या कितीतरी आधी. घरातला वाद त्याच्या आत मिटवा.