तीन वर्षांनी जुन्या ओपन सोर्स प्रकल्पात परतायचंय. आधी माफी मागू की थेट कोड पाठवू?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की नोकरीच्या रगाड्यात प्रकल्प सुटला, आता पुन्हा हात घालावासा वाटतो, पण लाज वाटते. माफीचा मेल टाकावा, सरळ पुल रिक्वेस्ट (माझा बदल तपासून सामील करा, अशी विनंती) पाठवावी, की कोडमध्ये थेट बदल करायचे जुने कमिटचे अधिकार परत मागावेत?

माफी नको. अधिकार तर मुळीच मागू नका. आणि कोडही पहिल्या आठवड्यात नको. मी एका रात्रीत रागाने कोड पाठवला, अधिकार मागितले आणि माफी मागायची वेळ ओढवून घेतली, म्हणून अधिकाराने सांगतोय.

मी ठाण्याचा, नौपाड्यातला. भारतीय भाषांतला मजकूर साफसूफ करणारी एक छोटी पायथन लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड, आम्ही दोघांनी उभी केली होती. दुसरा मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, माझा मित्र, कोपरखैरण्याचा. तिचा निम्मा कोड ठाणे-वाशी लोकलमध्ये मांडीवर लॅपटॉप ठेवून लिहिलाय. २०१९च्या दिवाळीत मी ऐरोलीत नवी नोकरी धरली. नेमणूकपत्रात कलम होतं की लेखी परवानगीशिवाय बाहेर काही लिहायचं नाही. मी अर्ज दिला, उत्तर आलं नाही, मी पाठपुरावा केला नाही. सगळ्यांना हेच कारण सांगितलं. खरं कारण म्हणजे कंटाळा आला होता.

जाताना मित्र एवढंच म्हणाला होता, "जातोयस तर लेखी जा. मेंटेनरच्या यादीत स्वतःच्या नावापुढे 'सध्या सक्रिय नाही' असं लिही." मला ते फार लागलं. मी म्हटलं, महिन्याभरात येतोच आहे. तो महिना चार वर्षं चालला.

परत आलो ते आईमुळे. आई निवृत्त मराठीची शिक्षिका. आमच्या भागात एक छोटं वाचनालय आहे, नाव लिहीत नाही. त्यांनी पुस्तकांची यादी संगणकावर घेऊन छापली आणि तपासायला म्हणून आईकडे दिली. जानेवारी २०२४. संध्याकाळी घरी आलो तर डायनिंग टेबलावर सोळा पानं पसरलेली आणि आईच्या हातात लाल पेन. विषयाच्या रकान्यात 'घाट आणि दर्या' असं छापलेलं, भोवती लाल गोल.

"अरे, घाटात दर्या कुठून आला?"

खाली 'किनार्यावरील प्रवास'. त्याखाली 'दुसर्या महायुद्धाविषयी'. जिथे जिथे 'ऱ्य' होता तिथे तिथे डोक्यावर रफार. मराठी माणसाला सांगायला नको, पण दऱ्या वेगळ्या आणि दर्या वेगळा. आचाऱ्याला बोलावणं वेगळं आणि आचार्याला बोलावणं वेगळं. आईला वाटलं टायपिस्ट अमराठी असेल. मी दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन त्यांच्या संगणकावर पाहिलं. टायपिस्टने बरोबरच टाइप केलं होतं. छापण्याआधी मजकूर एका साफसफाईच्या पायरीतून जात होता, आणि त्या पायरीत होती आमची लायब्ररी.

त्या रात्री लॅपटॉप उघडला. आधी तर घरातच शिरता येईना. कोडची मुख्य शाखा 'मास्टर' नाहीशी झालेली, तिचं नाव आता मेन. पुश करायला, म्हणजे कोड वर चढवायला गेलो तर पासवर्ड चालेना. कोड जिथे ठेवलाय त्या गिटहबने ऑगस्ट २०२१मध्येच अशा कामासाठी पासवर्ड बंद केलाय, त्याऐवजी टोकन काढा नाहीतर एसएसएच की लावा. नवीन पायथन टाकलं तर माझी सेटअपची फाइल पहिल्याच ओळीला कोसळली, कारण ती ज्याच्यावर चालायची ते डिस्टयुटिल्स पायथन ३.१२मधून काढून टाकलंय. टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम, जिथे चालायच्या ती ट्रॅव्हिसची मोफत साइट २०२१मध्येच बंद. साडेदहाला बसलो होतो, पहिली टेस्ट चालली तेव्हा पाऊण वाजला होता. बायको पाणी प्यायला उठली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "झालं का सुरू? लष्कराच्या भाकऱ्या?" मी तेच दोन शब्द लायब्ररीच्या सफाईच्या फंक्शनला दिले. बाहेर आलं 'लष्कराच्या भाकर्या'.

मग कोणी केलं ते शोधलं. २०२१ची कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद), एका अनोळखी मुलाची, मंजूर करणारा माझा मित्र. हेतू चांगला होता: हिंदीत कोणी 'ज़मीन' लिहितं, कोणी 'जमीन', शोधात दोन्ही सापडावेत म्हणून नुक्ता (अक्षराखालचं टिंब) काढून टाकायचा. त्यासाठी आधी अक्षरं एनएफडी नावाच्या, घटक सुटे करणाऱ्या पद्धतीने फोडायची, मग नुक्ता उडवायचा. आता गंमत बघा. युनिकोड, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं प्रमाण, त्याच्या हिशोबात मराठीचा ऱ म्हणजे र अधिक नुक्ता. फोडला, नुक्ता उडवला, हलन्त आणि 'या' तसेच राहिले. 'ऱ्या'चा 'र्या' झाला. चार वर्षं बाहेर बसलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत दिसतं, आणि तिथेच डोकं फिरतं.

रात्री दीड वाजता मी त्या जुन्या कमिटखाली लांबलचक कमेंट लिहिली. 'हे मंजूर कोणी केलं', 'मराठी वाचता येणारं कोणी उरलंय का इथे', असलं सगळं. वर तातडीची दुरुस्ती थेट मेनवर ढकलायला गेलो तर परवानगी नाही. माझे अधिकार काढलेले! मग मित्राला मेसेज: माझे अधिकार आत्ताच्या आत्ता परत दे.

सकाळी त्या मुलाचं उत्तर आलेलं. "सर, सगळ्या टेस्ट पास झाल्या होत्या. ऱ्य साठी टेस्ट नव्हती."

टेस्टची फाइल उघडली. २०१६ची, पहिल्यापासून शेवटपर्यंत माझीच. त्यात ळ होता, ज्ञ होता, ॐसुद्धा होता. ऱ एकदाही नव्हता. कारण मला वाटलं होतं की हे तर कुठल्याही मराठी माणसाला कळतंच.

म्हणून माफीबद्दल माझं मत असं झालंय. लिनक्स बनवणाऱ्या लिनस तोरवाल्डसनी सप्टेंबर २०१८मध्ये कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कामातून सुट्टी घेतली तेव्हा माफी मागितली होती. ती लोकांशी ज्या भाषेत वागले त्याबद्दल होती, जाण्याबद्दल नव्हती. मधल्या काळात कर्नलची ४.१९ आवृत्ती दुसऱ्या मेंटेनरने, ग्रेग क्रोआ-हार्टमनने काढली आणि लिनस ऑक्टोबरमध्ये परत आले. तिथे काही अडलं नाही, तर तुमच्या-माझ्या तीन-चार वर्षांनी काय अडणार? मीही माफी मागितली, पण चार वर्षांची नाही, त्या दीड वाजताच्या कमेंटची. तुम्ही अशी कमेंट लिहिली नसेल तर माफीचा मेल कशाला? तो वाचून बिचाऱ्या मेंटेनरला 'अरे नाही नाही, असं काही नाही' लिहीत बसावं लागतं.

मित्राने माझ्या मेसेजला चार शब्दांत उत्तर दिलं: "आलास का? चहाला ये." रविवारी ठाण्याहून नऊ नंबर फलाटावरून गाडी धरली. दिघा गाव स्टेशन नुकतंच, १२ जानेवारीला सुरू झालं होतं. मी रोज जायचो तेव्हा ठाण्यानंतर थेट ऐरोली. कोपरखैरणे स्टेशनबाहेर कटिंग घेऊन उभे राहिलो. त्याने माझे अधिकार २०२२मध्ये काढले होते, न सांगता. मी म्हटलं, एक फोन करायचास. तो म्हणाला, "केला होता. तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणालास." हे खरं असणार, तेव्हा मी सगळ्यांना तेच सांगायचो. वर माझ्या नावावर सोपवलेले तेवीस इश्यू, म्हणजे तक्रारी-सूचनांच्या नोंदी. लोक वाट बघत बसायचे, कारण यादीत माझं नाव होतं. जायचं तर लेखी जा, हे तो बरोबर म्हणाला होता. डेबियन या लिनक्सच्या प्रकल्पात तर यासाठी रीतसर सोय आहे: एमेरिटस (मानाने निवृत्त) होऊन जायचं, पुढे परत यायची वाट खुली.

तरी अधिकारांबद्दल माझी धुसफुस चालूच होती. दोन महिन्यांनी, २९ मार्चला, एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स प्रोग्रॅमचं प्रकरण बाहेर आलं. कोणा 'जिया टॅन' नावाने दोनेक वर्षं चांगलं काम करून, विश्वास कमावून, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच लॉगिन (दूरच्या संगणकात शिरणं) अर्ध्या सेकंदाने मंद वाटलं म्हणून सापडलं. तो हल्ला बंद पडलेल्या खात्यातून झाला नव्हता, मान्य. पण त्यानंतर, चार वर्षं न वापरलेली किल्ली माझ्याकडेच राहू दे, असं म्हणायला तोंड उरलं नाही.

दुरुस्ती किती होती माहितेय? एक अक्षर. एनएफडीच्या जागी एनएफसी, म्हणजे सुटे घटक पुन्हा जोडणारी पद्धत. एनएफसीमध्येही ज़ फुटलेलाच राहतो, पण ऱ एकसंध राहतो, म्हणजे हिंदीवाल्यांचं काम होतं आणि आपला ऱ वाचतो. एक अक्षर आणि चौदा ओळींच्या टेस्ट. पहिली टेस्ट 'लष्कराच्या भाकऱ्या'. ती मी नेहमीच्या रांगेतून पाठवली आणि त्याच मुलाने तपासली. एका टेस्टचं नाव त्याला पटलं नाही, बदलून घेतलं.

म्हणून तुम्ही आधी टेस्ट चालवून बघा, तुमच्या नावावर अडकलेले इश्यू मोकळे करा, आणि जी गोष्ट तुम्हाला स्वयंसिद्ध वाटायची तिची टेस्ट लिहा. पुढचं आपोआप सुचतं.

आता एका मुद्द्यावर मात्र मी मागे हटणार नाही. देवनागरी ही लिपी आहे, भाषा नाही. हिंदी आणि मराठीसाठी एकच सफाईचं फंक्शन ठेवू नका, हे मी २०१७पासून ओरडतोय. हिंदीत 'ऐप', मराठीत 'ॲप'. हा ॲसुद्धा युनिकोडमध्ये २००८ला आला, त्याआधीच्या मजकुरात अ वर चंद्र देऊन दोन तुकड्यांत लिहिलेला असतो. दिसायला सारखा, शोधायला गेलं की सापडत नाही, आणि एनएफसीनेही जुळत नाही. हे मराठीच्या नियमांत वेगळं हाताळायला नको? मित्राचं म्हणणं तेव्हाही हेच आणि आताही हेच: आधी चालू तर होऊ दे, भाषा नंतर बघू. नंतर म्हणजे कधी? आईची सोळा पानं लाल झाल्यावर?

हे सगळं दोन-तीन माणसांच्या प्रकल्पाला लागू. मोठ्या प्रकल्पात नियम लिहिलेले असतात, ते वाचा. आणि नेमणूकपत्रातलं कलम आधी बघा. मी या वेळी लेखी परवानगी घेतली, पाठपुरावा केल्यावर अकरा दिवसांत मिळाली.

अधिकार मला परत मिळालेले नाहीत, मी पुन्हा मागितलेही नाहीत. भाषावार फंक्शनचा इश्यू मी उघडून ठेवलाय. त्यावर एक कमेंट त्याची आहे, "बघू". बाकीच्या सतरा माझ्या.