गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात बांबूकामाचं प्रशिक्षण घेतलं तर त्यावर घर चालेल का?

चालेल, पण फक्त विणकाम शिकून नाही. प्रशिक्षणात बांबू टिकवायला शिकवतात का, हे आधी विचारा. कोवळ्या बांबूत पिठूळपणा (स्टार्च) जास्त असतो, त्यावर भुंगा येतो. तुम्ही सुबक टोपली विकता आणि दोन महिन्यांत गिऱ्हाइकाच्या टेबलावर पिवळी भुकटी पडलेली असते. ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. म्हणून तीन-चार वर्षांचा पक्का बांबू पावसाळा संपल्यावर तोडायचा आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवायचा. धंद्याचा अर्धा जीव यातच आहे.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी वायनासाठी (वाण द्यायला) सुपं लागतातच, ते गिऱ्हाईक हक्काचं. उरलेल्या वर्षासाठी दिव्यांच्या शेड, ट्रे, फर्निचर शिका. इथे हॉटेलं कमी नाहीत. कुडाळला कोनबॅक या बांबूकामाच्या संस्थेचं काम एकदा बघून या, फार लांब नाही.

भारतीय वन कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ धरला जात नाही. तेव्हा कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेला माणगा जातीचा बांबू लावा. त्याला काटे नसतात आणि तो भरीव असतो. आणि गावातल्या सुपं विणणाऱ्या म्हाताऱ्या बाईंकडे चार दिवस नक्की बसा. कामटी (बांबूची पातळ पट्टी) बोटावर वाकवूनच त्या सांगतात, ही तुटणार की नाही.