गुलाब माना का टाकतात?

प्रश्न : फुलदाणीतले गुलाब दुसऱ्याच दिवशी माना टाकतात. पाणी भरपूर असतं, चमचाभर साखरही घालते. काय चुकतंय?

उत्तर : आधी ती साखर बंद करा! फुलाला ती लागते हे खरं, पण नुसत्या साखरेने पाण्यातल्या जिवाणूंचंच पोट भरतं. ते वाढले की देठातल्या नळ्या तुंबतात. मग फुलदाणी काठोकाठ भरलेली असली तरी पाणी वर चढत नाही. पाण्यात बुडणारी पानं काढा, ती कुजतात. फुलदाणी साबणाने घासा, आतून बोट फिरवून बघा; बुळबुळीत लागली तर पुन्हा घासा.

मान टाकलेला गुलाब लगेच फेकू नका. देठ पाण्याखाली धरून खालून दोनेक सेंटिमीटर तिरका कापा, म्हणजे नळीत हवा शिरत नाही. बोथट कात्रीने देठ चेंगरतो. मी धारदार सुरीच वापरते. मग फुलं कागदात सरळ गुंडाळून कोमट पाण्यात तास-दोन तास उभी ठेवा. कळी फारच कोवळी तोडलेली नसेल तर बहुधा सावरते.

पाणी एक दिवसाआड बदला. जरबेरा आणाल तेव्हा मात्र पाणी चार बोटंच. त्याचा लवदार देठ खोल पाण्यात सडतो.