केस लावण्याआधी मागचं डोकं मोजा

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

लग्नसराई जवळ आली की या सदराकडे हेअर ट्रान्सप्लांटबद्दलची पत्रं वाढतात. नागपूर आणि आसपासच्या वाचकांचे पाच प्रश्न इथे घेतले आहेत. मिळतीजुळती पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : वय २३, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले आहेत आणि केस रोज गळून राहिले आहेत. बाबांना पूर्ण टक्कल आहे. रामदासपेठेतल्या एका क्लिनिकने ३००० ग्राफ्ट, २५ रुपये ग्राफ्टप्रमाणे, 'याच आठवड्यापुरती ऑफर' असं सांगितलं. करून टाकू का?
— एक विद्यार्थी, हिंगणा रोड

नको. निदान या आठवड्यात तरी नको. टक्कल काही आठवड्याभरात पसार होणार नाही, त्यामुळे ऑफर संपण्याची घाई क्लिनिकला असेल, तुम्हाला असायचं कारण नाही.

ट्रान्सप्लांटमध्ये नवे केस तयार होत नाहीत. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस मुळासकट काढून पुढे लावतात. मुळासकट काढलेल्या अशा एका झुबक्याला ग्राफ्ट म्हणतात. त्या पट्ट्यातल्या मुळांवर टक्कल पाडणाऱ्या डीएचटी या हार्मोनचा परिणाम फारसा होत नाही, आणि जागा बदलली तरी त्यांचा हा गुण टिकतो. नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये हे मांडलं आणि आजची सगळी शस्त्रक्रिया त्यावरच उभी आहे. पण तिथून काढलेलं मूळ तिथे पुन्हा उगवत नाही. म्हणून पहिला हिशेब पैशांचा नाही, मागच्या केसांचा करायचा.

मागे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ६५ ते ८० ग्राफ्ट असतात. एका ग्राफ्टमध्ये १ ते ४ केस, सरासरी दोनच्या आसपास. सुरक्षित पट्टा १७० चौरस सेंटिमीटर आणि घनता ७० धरली तर एकूण ११,९०० ग्राफ्ट होतात. त्यातले चाळीस-पंचेचाळीस टक्के काढले तर मागचं डोकं उघडं दिसत नाही. म्हणजे हाताशी उरले पाच हजारांच्या आसपास. हे चांगल्या डोक्याचं गणित झालं, केस मुळात बारीक असतील तर आकडा आणखी खाली येतो. आणि हे पाच हजार आयुष्यभरासाठी आहेत.

आता गरज किती ते बघा. फक्त पुढचा भाग ६० चौरस सेंटिमीटर असेल, तर ३५च्या घनतेने २१०० ग्राफ्ट लागतात. टक्कल वडिलांसारखं माथ्यापर्यंत गेलं तर उघडी जागा २०० चौरस सेंटिमीटरपर्यंत जाते. त्याच घनतेने ७००० ग्राफ्ट हवेत, आणि तेवढे मिळतच नाहीत. तेविसाव्या वर्षी ३००० पुढे खर्च केले, कपाळाची रेषाही शाळकरी वयासारखी खाली आणली, तर पस्तिशीत काय होईल? लावलेली पट्टी पुढे तशीच राहील, तिच्यामागचे मूळचे केस जातील, आणि मधली मोकळी जागा भरायला मागे केस उरलेले नसतील. हे चित्र नागपुरात अनेक डोक्यांवर दिसतं. दुरुस्ती अवघड असते आणि पुष्कळदा अर्धीच होते.

स्वतःची जागा मोजायची सोपी रीत अशी. डब्यांवर ताणतो तसली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म डोक्यावर ताणा, विरळ भागाची कड मार्करने आखून घ्या, फिल्म आलेख कागदावर सपाट पसरा आणि चौकोन मोजा. आकडा ढोबळ येतो. पण तो खिशात असला की समोरच्याने '४५०० लागतील' म्हटल्यावर ते कशावरून, हे विचारता येतं.

तुमच्या वयात आधी औषधं. मिनॉक्सिडिल ५ टक्के, कोरड्या टाळूवर १ मिलि, दिवसातून दोनदा. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते, आणि बरेचजण तिथेच बाटली फेकतात. ही गळती जुन्या केसांची असते आणि थांबते. फरक चार-सहा महिन्यांनी कळतो. लावणं बंद केलं की मिळालेला फायदाही काही महिन्यांत जातो. (घरात मांजर असेल तर बाटली आणि लावलेलं डोकं तिच्यापासून लांब ठेवा, मांजरांना हे औषध विषारी आहे.) दुसरं औषध फिनास्टेराइड, रोज १ मिग्रॅ, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. थोड्या पुरुषांना लैंगिक इच्छा किंवा ताठरता कमी झाल्याचं जाणवतं, काहींना उदासी येते. असं वाटलं तर लगेच सांगायचं. गोळी चालू असताना रक्तदान नको, आणि तुटलेली गोळी गरोदर स्त्रीच्या हाताला लागू द्यायची नाही.

वर्षभर औषधं घ्या, दर तीन महिन्यांनी एकाच उजेडात, एकाच कोनातून फोटो काढा. ट्रान्सप्लांटचा विचार त्यानंतर.

प्रश्न : वय ३६, टक्कल चार वर्षांपासून जिथल्या तिथे आहे, औषधं चालू आहेत. एफयूई करावं की एफयूटी? आणि चांगलं क्लिनिक ओळखायचं कसं?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

तुमची वेळ बरोबर आहे. एफयूटीत मागून एक-दीड सेंटिमीटर रुंदीची कातडीची पट्टी काढतात, टाके घालतात आणि पट्टीतून सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफ्ट वेगळे करतात. मागे आडवी रेघ कायम राहते, केस अगदी बारीक कापले की दिसते. एफयूईत ०.८ ते १ मिमीच्या पंचने (गोल, पोकळ पात्याने) एकेक ग्राफ्ट काढतात. टाके नसतात, पण 'खुणाच राहत नाहीत' ही जाहिरात खोटी. शेकडो पांढरे ठिपके राहतात, फक्त ते विखुरलेले असल्याने नजरेत भरत नाहीत. एफयूई चुकीच्या हातात गेलं तर मागचा भाग कसर लागलेल्या शालीसारखा होतो, कारण एकाच ठिकाणाहून जवळजवळचे ग्राफ्ट ओढलेले असतात. केस कुरळे असतील तर मूळही आत वळलेलं असतं आणि पंच सरळ गेला की ते कापलं जातं. कापलेलं मूळ लावलं तरी उगवेलच असं नाही. बहुतेकांना आज एफयूई सोयीचं पडतं. खूप ग्राफ्ट हवे असतील आणि मागे केस लांब ठेवायची सवय असेल, तर एफयूटीही वाईट नाही.

पद्धतीपेक्षा हात महत्त्वाचा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की ही शस्त्रक्रिया रीतसर शल्य प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करावी. व्हिडिओ किंवा एखादी कार्यशाळा बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. मदतनीस त्यांच्या देखरेखीखालीच काम करतील. त्वचारोग आणि प्लास्टिक सर्जरीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात हे शिकवलं जातं. धंतोलीत असो की सीताबर्डीत, पाटीवरचं नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदीत शोधा. मग थेट विचारा: पंच कोण मारणार? नवीन जागी छिद्रं कोण पाडणार? 'आमची टीम' हे उत्तर नाही. केसाची दिशा, कोन आणि खोली छिद्र पाडतानाच ठरते, ते काम डॉक्टरचं. ग्राफ्ट बसवायला प्रशिक्षित तंत्रज्ञ चालतो.

भुलीबद्दल विचारायला लोक लाजतात, आणि जिवाला धोका तिथेच असतो. भुलीचं औषध लिग्नोकेन अ‍ॅड्रेनलिनसोबत देताना कमाल मात्रा किलोमागे ७ मिग्रॅ धरतात. ६० किलोच्या माणसाला ४२० मिग्रॅ, म्हणजे २ टक्क्यांच्या औषधाचे २१ मिलि. आठ तास चाललेल्या कामात थोडं थोडं टोचत हा आकडा कधी ओलांडला, हे कुणी लिहून ठेवत नसेल तर कळत नाही. ओठांभोवती मुंग्या, कानात गुंई, बोलणं अडखळणं ही सुरुवातीची लक्षणं. पुढे झटके येतात, हृदय बंद पडू शकतं. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाला नऊ हजारांहून जास्त ग्राफ्ट लावल्यानंतर तीव्र अ‍ॅलर्जीसारखी प्रतिक्रिया आली आणि त्यांचा मृत्यू झाला. म्हणून मॉनिटर, ऑक्सिजन, तातडीची औषधं आणि ती वापरता येणारा डॉक्टर शेवटपर्यंत खोलीत हवा. एका दिवसात अडीच-तीन हजारांपुढे जाऊ नका.

मोजणीतही गंमत चालते. कोटेशनमध्ये '६००० केस' लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक ते ६००० ग्राफ्ट समजतं. कुठे तीन केसांचा ग्राफ्ट चिरून तीन मोजतात. एक केसाचे किती, दोनचे किती, तीनचे किती, अशी मोजणीची पावती त्याच दिवशी मागा. काढलेले ग्राफ्ट थंड सलाइनमध्ये ठेवलेले असावेत. सहा तासांपुढे बाहेर राहिले की जगण्याचं प्रमाण घसरतं.

नंतरचा क्रम ठाऊक असला की घाबरायला होत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांपर्यंत उतरते आणि ओसरते. पहिला आठवडा उशा रचून, अर्धवट बसत्या अवस्थेत झोपायचं. दहाव्या दिवसापर्यंत खपल्या ओल्या करून हळूहळू सोडवायच्या, नखाने नाही. दोन ते चार आठवड्यांत लावलेले केस गळतात, मूळ आत असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवण सुरू होते, पुढचा भाग वर्षभरात भरतो, माथ्याला दीड वर्ष लागू शकतं. त्वचा काळी पडू लागली, पू आला, ताप आला किंवा दुखणं वाढत गेलं तर फोनवर फोटो पाठवत बसू नका, त्याच दिवशी जा.

प्रश्न : वय ४०, बुटीबोरीत नोकरी. सिकलसेलचा वाहक आहे. दिवसाला तीन-चार खर्रे होतात. ट्रान्सप्लांट चालेल का?
— एक वाचक, कामठी

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात मोठ्या प्रमाणावर आहे, तरी ट्रान्सप्लांटआधीच्या तपासण्यांच्या यादीत ते पुष्कळदा नसतं. वाहक म्हणजे एएस असाल तर बहुधा अडचण येत नाही. पण डॉक्टरांना आधी सांगा, दिवसभर पाणी पीत राहा आणि एसी फार गार ठेवू देऊ नका. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण असाल तर नको. तासन्‌तास पालथं पडून राहणं, पाणी कमी पडणं, थंडी, यांतून वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि केसांसाठी तो पत्करण्यात अर्थ नाही. ज्यांना आपलं माहीत नाही त्यांनी मेयो किंवा मेडिकल या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत तपासून घ्यावं. सोल्युबिलिटी चाचणी सकारात्मक आली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्याशिवाय वाहक की रुग्ण हे ठरत नाही.

बाकी रक्तगणना, साखर, रक्त गोठण्याची चाचणी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, ईसीजी या नेहमीच्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा.

खर्ऱ्याचं जरा कडक सांगावं लागेल. फॉर्मवर 'धूम्रपान करता का?' असं असतं आणि खर्रा खाणारा माणूस खुशाल 'नाही' वर खूण करतो. निकोटिन धुरातून आलं काय आणि पन्नीत घोटलेल्या तंबाखू-सुपारीतून आलं काय, रक्तवाहिन्या आकसतातच. त्यात भुलीतलं अ‍ॅड्रेनलिनही तेच करतं. दाटीने लावलेल्या ग्राफ्टना रक्त कमी पडलं तर ते मरतात, क्वचित त्वचेचा तुकडाच काळा पडून गळतो. आधी दोन आठवडे आणि नंतर निदान दोन आठवडे पूर्ण बंद. ठेल्यावरून जाणं टळत नसेल तर तारीख पुढे ढकला.

प्रश्न : स्त्री, वय ४१. डेंग्यूनंतर तीन महिन्यांनी मुठीने केस जात आहेत, भांग रुंद दिसतो. पार्लरमध्ये ट्रान्सप्लांट सुचवलं.
— एक वाचक, मानेवाडा

पार्लरचा सल्ला सोडून द्या. जोराच्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस जातात आणि साधारण सहा महिन्यांत गळती आपोआप थांबते. रक्तगणना, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड बघून घ्या, कमी असेल ते भरून काढा. गळती थांबल्यावरही भांग रुंदच राहिला तर तो स्त्रियांमधला वेगळा प्रकार, त्यावर मिनॉक्सिडिल (गरोदरपणात नाही). त्यात मागचे केसही बारीक झालेले असतात, म्हणून ट्रान्सप्लांटचा उपयोग सहसा होत नाही. घट्ट वेणी-अंबाड्याने कानांजवळचे केस कायमचे गेले असतील, तर तिथे मात्र होतो.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गेले, त्यानंतरही ट्रान्सप्लांटची विचारणा करणारी पत्रं आली होती. अचानक झालेली गळती, चाई (गोल चट्ट्यांत केस जाणं), किंवा टाळूला खाज-खपल्या असतील तर आधी निदान, लावालावी नंतर. चाई सक्रिय असताना लावलेले केसही ती खाऊन टाकते.

प्रश्न : एप्रिलमध्ये लग्न आहे. आता डिसेंबरात केलं तर चालेल? आणि २५ रुपये ग्राफ्टने एकूण खर्च किती?
— एक वाचक, नंदनवन

एप्रिलपर्यंत जेमतेम चार महिने होतात. लावलेले केस गळून गेलेले, नवे नुकतेच डोकावणारे, आणि जवळचे मूळचे केसही धक्क्याने तात्पुरते गेलेले असू शकतात. फोटोत आतापेक्षा वाईट दिसाल. लग्न उरकून पुढच्या हिवाळ्यात करा. मार्च ते जून फिरतीची नोकरी असणाऱ्यांनी टाळावं. नागपूरचं ४५ अंशांचं ऊन आणि घाम ताज्या जखमांना सोसत नाही. हेल्मेट पहिले दहा-चौदा दिवस नको, म्हणजे तेवढे दिवस दुचाकीच नको. पुढे सैल हेल्मेट, आत धुतलेली सुती टोपी.

३००० ग्राफ्टचे ७५,००० रुपये. सौंदर्यासाठीच्या ट्रान्सप्लांटवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो १३,५०० रुपये. एकूण ८८,५००, औषधं वेगळी. आरोग्य विमा हे देत नाही. 'बिल नको, जीएसटी वाचेल' असं कुणी सुचवलं तर उठून या. काही बिघडलं तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे त्या बिलाशिवाय तुमच्याकडे दाखवायला काहीच नसेल.