भायखळा स्टेशन सीएसएमटीपेक्षा जुनं कसं?

प्रश्न: मी रोज डोंबिवलीहून फास्ट लोकलने येते आणि भायखळ्याला उतरते. परवा ऑफिसात जोरदार वाद झाला, एक जण म्हणाला मुंबईतलं सगळ्यात जुनं स्टेशन सीएसएमटीच कारण पहिली गाडी तिथूनच सुटली, तर एकीने सांगितलं की भायखळा जुनं आहे. भायखळ्याचं साल पण कुठे १८५३ लिहिलेलं असतं कुठे १८५७, मग खरं कुठलं? आणि सीएसएमटीसारखं भायखळा पण युनेस्कोच्या यादीत गेलं म्हणतात, ते खरंय का?
- एक वाचक, डोंबिवली

उत्तर: तुमच्या ऑफिसातले दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एक जण गाडीबद्दल बोलतोय आणि दुसरी बिल्डिंगबद्दल.

पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास सुटली, १४ डबे, ४०० च्या आसपास पाहुणे, पुढे साहिब सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, आणि ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटरचा प्रवास. पण ती सुटली बोरीबंदरहून, आणि ते बोरीबंदर स्टेशन आता शिल्लक नाही. आज आपण ज्याचे फोटो काढतो ती सीएसएमटीची बिल्डिंग फ्रेडरिक स्टीव्हन्सची, तिचं काम सुरूच झालं १८७८ मध्ये आणि पूर्ण व्हायला १८८८ उजाडलं. म्हणजे पहिली गाडी धावून गेली त्यानंतर तब्बल ३५ वर्षांनी.

आता भायखळा. इथलं स्टेशन १८५३ चंच, पण तेव्हा ते लाकडी होतं. मग जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने दगडी बांधकाम हाती घेतलं, ते पूर्ण झालं १८५७ साली, ज्या साली मुंबई विद्यापीठ सुरू झालं त्याच साली. म्हणून दोन्ही सालं खरी आहेत, स्टेशन १८५३ चं आणि बिल्डिंग १८५७ ची. आणि ही बिल्डिंग अजून उभी आहे आणि अजून स्टेशन म्हणूनच वापरात आहे, देशात अजून वापरात असलेल्या सगळ्यात जुन्या स्टेशन बिल्डिंगांत तिचं नाव घेतात. सीएसएमटीपेक्षा ३१ वर्षांनी मोठी, आणि तरी रोज तिथून जाणाऱ्या बहुतेकांना हे माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

भायखळ्याचा मान नुसता बिल्डिंगपुरता नाही हेही ऑफिसात सांगा. पहिली पॅसेंजर गाडी सुटायच्या आधी, १८५२ मध्येच, रुळांच्या कामासाठी आणलेलं फॉकलंड नावाचं इंजिन (तेव्हाच्या गव्हर्नरचं नाव दिलं होतं) या भायखळ्याच्या बाजूला डबे ओढायला लागलं होतं, म्हणजे मुंबईकरांनी आगगाडीचं इंजिन पहिल्यांदा बघितलं ते इथे. जीआयपीचं इंजिनं दुरुस्त करायचं पहिलं वर्कशॉप पण १८५४ मध्ये भायखळ्यालाच निघालं, गाड्या वाढल्या जागा पुरेना तेव्हा १८७९ मध्ये ते परळला हलवलं, आणि परळ वर्कशॉप पुढे किती मोठं झालं ते तुम्हाला माहीतच आहे. गिरणगावाचा इतिहास सांगताना लोक मिलपासून सुरुवात करतात, माझ्या मते रेल्वेच्या या कामगारांना पण त्यात पहिल्या पानावर जागा पाहिजे.

युनेस्कोचं म्हणाल तर इथे दोन गोष्टींची गल्लत होते. सीएसएमटी २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, भायखळा त्या यादीत नाही. भायखळ्याला २०२२ मध्ये मिळाला तो युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार, त्यातला अवॉर्ड ऑफ मेरिट. तो मिळाला जुनी बिल्डिंग नीट दुरुस्त केल्याबद्दल, कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली ते काम झालं, दगडावर वर्षानुवर्षं चढवलेले रंगाचे थर काढून मूळ दगड परत उघडा केला. मला या कामाचं जास्त कौतुक अशासाठी वाटतं की हे काही बंद पडलेलं म्युझियम नव्हतं, लोकल चालू, तिकीट खिडकी चालू, गर्दी तशीच, आणि त्यात हे सगळं करायचं.

एवढं सगळं वाचल्यावर एकदा उतरल्या उतरल्या ऑफिसकडे न पळता पाच मिनिटं थांबा आणि स्टेशनबाहेर येऊन बिल्डिंग समोरून बघा, लोकलच्या दारातून ती कळतच नाही. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन आलात तर राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड म्युझियम चालत जाण्यासारखं आहे, बाग १८६२ ची आणि म्युझियमची बिल्डिंग १८७२ ची, म्हणजे दोन्ही या स्टेशननंतरचीच.